‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आणि पुढचे घोळ: आर्म यंत्रावर कंटेनर चालवताना या चुका टाळा

इंटेलच्या सर्व्हरवर वर्षभर बिनतक्रार चाललेली डॉकरची कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे याची यादी) रास्पबेरी पायवर किंवा ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटन सर्व्हरवर, म्हणजे आर्म प्रोसेसरच्या यंत्रावर नेली, की पहिल्याच मिनिटाला लॉगमध्ये उमटते: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. कंटेनर म्हणजे आभासी यंत्र नाही. आतला प्रोग्राम थेट यजमानाच्याच कर्नलवर आणि प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे परक्या प्रोसेसरसाठी बनलेली बायनरी तिथे चालत नाही. ही ओळ दिसली की बरेच जण आधी एम्युलेशन (परक्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बसवून मोकळे होतात. तसं करू नका. आधी नेमकी कोणती फाइल परकी आहे ते शोधा. अनेकदा अख्खी इमेज (कंटेनर ज्यातून उभा राहतो तो फाइलींचा गठ्ठा) ठीक असते आणि गोंधळ एकाच फाइलचा असतो.

एरर वाचून लगेच निष्कर्ष काढणे

लिनक्सची प्रत्येक बायनरी ईएलएफ हेडरने (फाइलच्या सुरुवातीच्या ओळखपट्टीने) सुरू होते आणि त्यात प्रोसेसरचा क्रमांक असतो: एएमडी६४ (६४ बिट इंटेल-एएमडी) साठी ६२, आर्म६४ (६४ बिट आर्म) साठी १८३. क्रमांक जुळला नाही की कर्नल फाइल नाकारते आणि वरची एरर येते. पण एन्ट्रीपॉइंटच्या (कंटेनर सुरू होताच चालणाऱ्या) शेल स्क्रिप्टमध्ये ‘#!/बिन/एसएच’ ही पहिली ओळ राहून गेली असेल, तरी अगदी हीच एरर येते. तेव्हा आधी स्क्रिप्ट उघडून पहा.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही दुसरी फसवी एरर. फाइल समोर दिसते, तरी म्हणे सापडत नाही! सापडत नाही तो त्या बायनरीला लागणारा लोडर, म्हणजे तिला मेमरीत चढवणारा प्रोग्राम. एएमडी६४ ची जीलिबसीवर (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर) बांधलेली बायनरी ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’ मागते, आर्म६४ ची ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’. एम मालिकेतल्या, म्हणजे आर्म प्रोसेसरच्या मॅकवर लॉगमध्ये क्यूईएमयू या एम्युलेटरची ‘क्यूईएमयू-एक्स८६_६४: कुड नॉट ओपन’ ही तक्रार आणि पुढे यातला पहिला पत्ता दिसला, तर निदान झालंच म्हणून समजा: इमेज आर्मची आहे, आत कुणीतरी एएमडी६४ ची बायनरी उतरवून ठेवली आहे. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये मात्र प्रोसेसर बरोबर असूनही ही एरर येते, कारण तिथे जीलिबसी नसून मसल ही वेगळी सी लायब्ररी असते.

लेबलवर विश्वास ठेवणे

‘डॉकर इमेज इन्स्पेक्ट’ आर्किटेक्चर म्हणून जे दाखवतं ते फक्त लेबल. बेस इमेज आर्मची घेतली आणि त्यात चुकीची बायनरी कॉपी केली, तरी लेबल आर्म६४ असंच राहतं. खात्री करायची तर ‘डॉकर क्रिएट’ने कंटेनर न चालवता नुसता तयार करा, ‘डॉकर सीपी’ने बायनरी बाहेर काढा आणि ती ‘फाइल’ कमांडला दाखवा. उत्तरात ‘एआरएम एआर्च६४’ आलं तर ठीक, ‘एक्स८६-६४’ आलं तर चोर सापडला.

चुकीची बायनरी आत येते ती बहुधा डॉकरफाइलमधल्या (इमेज बांधण्याच्या कृतीतल्या) कर्लच्या, म्हणजे डाउनलोड करणाऱ्या कमांडच्या, ओळीतून. डाउनलोडच्या पत्त्यात ‘एएमडी६४’ ठोकून लिहिलेलं असतं. ते काढून यंत्राचा प्रोसेसर सांगणाऱ्या ‘युनेम -एम’चं उत्तर घातलं, की दुसरा खड्डा तयार. एकाच प्रोसेसरला युनेम ‘एआर्च६४’ म्हणतं, डॉकर, डेबियन आणि गो भाषा ‘आर्म६४’ म्हणतात. दुसऱ्याला युनेम ‘एक्स८६_६४’ म्हणतं आणि बाकीचे ‘एएमडी६४’. प्रकल्पाच्या रिलीज पानावर फाइलची नावं कशी आहेत ते पाहून डॉकरफाइलमध्ये शेलची ‘केस’ अट लावून जोडी जुळवा. कर्लला ‘-एफ’ द्यायला विसरू नका. नाहीतर ४०४ चं पान बायनरीच्या नावाने सेव्ह होतं, बिल्ड हिरवा दिसतो आणि रडारड सुरू होते ती चालवताना.

रास्पबेरी पायवर याहून खोल गोची आहे. ३२ बिटची ओएस असली तरी पाय ४ वर कर्नल ६४ बिटचं असू शकतं. युनेम ‘एआर्च६४’ सांगतं, पण वरची सगळी लायब्ररी ‘आर्मएचएफ’ (३२ बिट आर्म). तिथे युनेमला विचारूच नका. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ खरं सांगतं.

‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट’वर प्लॅटफॉर्म लादणे

ही एरर म्हणजे त्या टॅगखाली (इमेजच्या आवृत्तीच्या नावाखाली) तुमच्या प्रोसेसरची इमेजच नाही. मायएसक्यूएल ५.७ ची अधिकृत इमेज हे नेहमीचं उदाहरण: आर्म६४ साठी ती नाही, ८.० ची आहे. कंपोजमध्ये ‘प्लॅटफॉर्म: लिनक्स/एएमडी६४’ टाकून मॅकवर वेळ मारून नेता येते, पण डेटाबेस एम्युलेशनवर चालवणं हा कायमचा उपाय नव्हे. ‘डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट’ने टॅगखाली काय काय आहे ते पहा आणि शक्य असेल तिथे नवी आवृत्ती घ्या.

डायजेस्टने, म्हणजे इमेजच्या ‘शा२५६’ ठशाने, नेमकी आवृत्ती पक्की (पिन) करणाऱ्यांची चूक वेगळी. बेस इमेज सांगणाऱ्या फ्रॉमच्या ओळीत ‘शा२५६’ दिलेला असेल आणि तो बहु-प्लॅटफॉर्म यादीचा नसून एकट्या एएमडी६४ मॅनिफेस्टचा (एकाच प्रोसेसरच्या इमेजच्या नोंदीचा) असेल, तर आर्म यंत्रही निमूटपणे एएमडी६४ चीच इमेज ओढतं. वरच्याच कमांडमध्ये सर्वात वर दिसतो तो डायजेस्ट यादीचा. पिन करायचा तो तोच.

सगळा बिल्ड एम्युलेशनखाली करणे

एएमडी६४ यंत्रावर आर्मची इमेज बांधायला क्यूईएमयूची बिनएफएमटी नोंदणी (परकी बायनरी आली की ती क्यूईएमयूकडे दे, असं कर्नलला सांगणारी) लागते. ‘टोनिसटिगी/बिनएफएमटी’ ही इमेज ‘--प्रिव्हिलेज्ड’ देऊन ‘--इन्स्टॉल आर्म६४’ने चालवली की ती होते. यंत्र रीबूट झालं की नोंदणी पुसली जाते. ‘काल चालत होतं’ याचं हे सर्वात साधं कारण.

पण क्यूईएमयूखाली सी++ किंवा रस्ट कंपाइल करणं म्हणजे मिनिटांच्या कामाला तास लावणं. गोसारख्या भाषेत याची गरजच नाही. बिल्डच्या टप्प्याची ओळ ‘फ्रॉम --प्लॅटफॉर्म=$बिल्डप्लॅटफॉर्म’ अशी लिहा म्हणजे कंपायलर तुमच्याच प्रोसेसरवर पूर्ण वेगाने चालेल. त्याखाली ‘आर्ग टार्गेटओएस’ आणि ‘आर्ग टार्गेटआर्क’ लिहून ती मूल्यं ‘गोओएस’ आणि ‘गोआर्क’ला द्या. शेवटच्या टप्प्यातल्या फ्रॉमला मात्र प्लॅटफॉर्म लिहू नका, तो आपोआप लक्ष्याचा घेतला जातो.

इथली हमखास चूक म्हणजे आर्गच्या ओळी पहिल्या फ्रॉमच्या वर लिहिणं. आर्ग प्रत्येक टप्प्यात, त्या टप्प्याच्या फ्रॉमखाली जाहीर करावा लागतो. नाही केला तर मूल्य रिकामं राहतं, गो गुपचूप एएमडी६४ ची बायनरी काढतो आणि ती आर्मचं लेबल लावलेल्या इमेजमध्ये जाऊन बसते. सीजीओ (गोमधून सी कोड वापरण्याची सोय) वापरत असाल तर ‘जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-जीएनयू’ हा क्रॉस कंपायलरही बसवा; वापरत नसाल तर ‘सीजीओ_एनेबल्ड=०’ ठेवा.

पायथनमध्ये दुखणं वेगळं. आर्मसाठी तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) नसेल तर पिप सोर्सवरून बांधायला घेतो आणि ‘जीसीसी’ नाही म्हणून कोसळतो. अल्पाइनवर मेनीलिनक्स (जीलिबसीसाठीची) व्हील चालतच नाहीत, मसललिनक्सची (मसलसाठीची) लागतात आणि ती सगळ्या पॅकेजची नसतात. इमेज थोडी मोठी झाली तरी चालेल, डेबियन स्लिम घ्या. नोडवाल्यांनी ‘डॉटडॉकरइग्नोर’मध्ये ‘नोड_मॉड्यूल्स’ लिहिलंय ना ते पहावं. ‘इन्व्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणजे लॅपटॉपवरची मॉड्यूल्स ‘कॉपी . .’ करून आत नेली आहेत.

एकाच टॅगवर दोन यंत्रांवरून पुश

इंटेलवर बांधून ‘लेटेस्ट’ पुश केला, मग आर्मवर बांधून तोच टॅग पुश केला. दुसऱ्याने पहिल्याला पुसलं. आता इंटेलचे सर्व्हर कोसळतात. ‘बिल्डएक्स बिल्ड’ला दोन्ही प्लॅटफॉर्म स्वल्पविरामाने देऊन एकत्र ‘--पुश’ करा. किंवा दोन वेगळे टॅग चढवून ‘इमेजटूल्स क्रिएट’ने त्यांची एक यादी बांधा.

‘आर्म६४ म्हणजे आर्म६४’ असं समजणे

बायनरी योग्य, लोडर योग्य, तरी कंटेनर १३२ क्रमांकाने बंद पडतो. १३२ म्हणजे १२८ अधिक ४, आणि सिग्नल ४ म्हणजे ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’: प्रोसेसरला हा आदेशच ठाऊक नाही. मोंगोडीबी ५.० ला आर्मवर एआरएमव्ही८.२-ए लागतो. पाय ४ मधला कॉर्टेक्स-ए७२ हा एआरएमव्ही८.०-ए आहे, म्हणून तिथे तो चालत नाही. पाय ५ च्या कॉर्टेक्स-ए७६ वर चालतो. कितीही वेळा इमेज ओढा, काही फरक पडणार नाही. स्वतः बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हाच प्रकार ‘-एमआर्च=नेटिव्ह’मुळे होतो: इमेज बांधणाऱ्या यंत्राचे खास आदेश आत जातात आणि साध्या यंत्रावर ती मरते. इमेजसाठी तो पर्याय कधीच वापरू नका.

पाय ५ चा स्वतःचाही एक चकवा आहे. त्याच्या ६४ बिट ओएसचं मूळ कर्नल मेमरीची १६ केबीची पानं वापरतं. ४ केबी गृहीत धरून बांधलेलं जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) ‘अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ’ म्हणत थांबतं. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’चं उत्तर १६३८४ आलं तर ‘/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘कर्नल=कर्नल८.आयएमजी’ ही ओळ घाला आणि रीबूट करा.

डेटाचं व्हॉल्यूम तसंच उचलून नेणे

पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी दोन आर्किटेक्चरमध्ये हलवता येईल अशी हमी नाही. ६४ बिट इंटेलवरून ६४ बिट आर्मवर ती सुरू होईलही, पण सुरू झाली म्हणजे शाबूत आहे असं नव्हे. ‘पीजी_डम्प’ काढा आणि नव्या जागी भरा. त्याच ओघात डेबियनच्या इमेजवरून अल्पाइनवर उडी मारू नका. अक्षरांची क्रमवारी लावणारी लायब्ररी बदलते आणि मजकुराचे इंडेक्स बिघडू शकतात.

चालला म्हणजे झालं असं मानणे

सी मध्ये नुसता ‘चार’ हा प्रकार इंटेल लिनक्सवर चिन्हासहित असतो, आर्म लिनक्सवर चिन्हरहित. जुन्या कोडमध्ये ‘गेटचार’चं उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ते ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी), म्हणजे उणे १ शी, ताडलेलं असतं. आर्मवर ते २५५ होतं, उणे १ शी कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. एरर काही येत नाही. कंटेनर एक कोर १०० टक्के वापरत बसतो. तात्पुरता उपाय म्हणून ‘-एफसाइन्ड-चार’ देऊन पुन्हा कंपाइल करा. खरी दुरुस्ती म्हणजे ते व्हेरिएबल ‘इंट’ करून पॅच मूळ प्रकल्पाला पाठवणं.