बाथरूमचं बजेट नहाणी ट्रॅपपासून मांडा

बाथरूम नव्याने करायचं ठरलं की बहुतेक घरांतली पहिली चक्कर टाइल्सच्या शोरूमला असते. तिथे एक टाइल आवडते, तिच्या दराला बाथरूमच्या क्षेत्रफळाने गुणलं जातं आणि तो आकडा डोक्यात बसतो. प्रत्यक्षात टाइल्सचा माल हा एकूण खर्चाचा जेमतेम दहावा-बारावा हिस्सा असतो. बाकीचे पैसे टाइलच्या मागे आणि खाली जातात, म्हणून हिशेब खालून, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निचरतं त्या नहाणी ट्रॅपपासून, वर करायचा.

उदाहरण म्हणून वीस-पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेऊ. बाथरूम आतून ५ बाय ८ फूट, स्लॅब ९ इंच खाली घेतलेला (मिस्त्री याला ‘सन्क’ म्हणतात), त्यात वीट-कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव) भरलेला, आणि खाली दुसऱ्याचा फ्लॅट.

फोडायचं किती, हे आधी ठरवा

खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघून या. ओल, पोपडे किंवा पांढरे क्षार दिसत असतील तर कोबा स्लॅबपर्यंत काढावाच लागेल. छत कोरडं असेल आणि जुन्या टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजत नसतील, तर जुन्या टाइलवरच अॅडहेसिव्हने नवी टाइल बसवता येते. तोडफोड आणि राडारोड्याचा बराच खर्च त्यात वाचतो. पण फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते. मग दार खालून कापावं लागतं आणि नहाणी ट्रॅपची जाळी वर घ्यावी लागते. शिवाय बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा किमान पाऊण इंच खाली राहते ना, हे मोजून घ्या. राहत नसेल तर हा मार्ग सोडा.

गळती असेल तर खर्च कुणाचा, यावर सोसायटीत वाद होतोच. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार संडास-मोरीतून आतल्या आत होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, पण बाहेरच्या सामाईक पाइपलाइनमुळे किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी ही सोसायटीची जबाबदारी. म्हणून तोडायच्या आधी डक्टमधल्या (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या पाइपचे सांधे तपासून घ्या. गळती तिथलीच असेल तर तो आकडा तुमच्या यादीत येतच नाही.

राडारोडा: न दिसणारा खर्च

४० चौरस फूट फरशीचा ९ इंच कोबा म्हणजे ३० घनफूट. भिंतीच्या टाइल्स प्लास्टरसकट दीड इंच धरल्या तर १६० चौरस फुटांचे आणखी २० घनफूट. हे ५० घनफूट फोडल्यावर फुगून ७५ होतात. वजन अडीच टनांच्या आसपास. बिगारी एका गोणीत २५-३० किलोच भरतो, म्हणजे ऐंशी ते शंभर गोण्या. लिफ्टमधून राडारोडा न्यायला बहुतेक सोसायट्या मनाई करतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर दर मजल्यामागे आकारला जातो. तोडण्याचा दर, खाली उतरवण्याचा दर आणि टेम्पोचं भाडं हे तीन आकडे वेगवेगळे विचारा. ‘सगळं मिळून बघून घेऊ’ असं म्हणणारा नंतर तुमच्याकडेच बघतो.

सोसायटीची परवानगी, अनामत रक्कम, ठोकाठोकीच्या वेळा आणि राडारोडा ठेवायची जागा लेखी घ्या. वास्तूसाठी बाथरूमची जागा हलवायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा; खाली शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर किंवा बेडरूम येत असेल तर परवानगीही मिळणार नाही आणि शेजारही राहणार नाही.

पाइप, ट्रॅप आणि पाण्याचा दाब

जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) लाइन असेल तर ती अर्धी ठेवण्यात काही वाचत नाही. टाकीकडून येणाऱ्या व्हॉल्व्हपासून पुढे सगळी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) करा: मुख्य लाइन पाऊण इंची, नळांना अर्धा इंची. भिंत चार इंची असेल तर कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) घेण्याआधी त्याच्या बॉडीची खोली मोजा. अडीच-तीन इंच खाच मारली तर मागे इंचभर वीट उरते आणि पलीकडच्या बेडरूमचं प्लास्टर सुटतं. अशा वेळी भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर घ्यावा. स्वस्त पडतो आणि दुरुस्तीला टाइल फोडावी लागत नाही.

शॉवर घेताना मजला लक्षात ठेवा. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. वरच्या मजल्यावर टाकी शॉवरपेक्षा तीनच मीटर उंच असेल तर दाब ०.३ बार. त्यावर मोठा रेन शॉवर लावला तर पाणी कडांवरून ठिबकतं आणि मग प्रेशर पंपाचा खर्च मागे लागतो. साधा चार इंची शॉवर तिथे जास्त चांगला चालतो.

कमोडची सर्वाधिक चूक ट्रॅपच्या अंतरात होते. एस-ट्रॅपच्या (मैला खाली फरशीत सोडणाऱ्या) कमोडला भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत ९ किंवा १२ इंच लागतात, आणि हे अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासूनचं असतं. प्लंबर उघड्या विटेपासून ९ इंच मोजतो. मग त्यावर पाऊण इंच प्लास्टर, वर अॅडहेसिव्ह आणि टाइल मिळून अर्धा इंच. हातात उरतात पावणेआठ. कमोड भिंतीला टेकतो, खालचं तोंड पाइपवर येत नाही, आणि नवी फरशी फोडावी लागते. म्हणून कमोडचं मॉडेल प्लंबिंगच्या आधी ठरवा आणि त्याचा मापाचा कागद प्लंबरच्या हातात द्या. मैल्याची लाइन आहे तिथेच ठेवली तर खर्चही कमी आणि उताराची कटकटही नाही.

भिंती बुजवण्याआधी हातपंपाने लाइनवर नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब द्या. दोन तास काटा हलता कामा नये.

वॉटरप्रूफिंगचं क्षेत्रफळ स्वतः काढा

फरशी ४० चौरस फूट. चारही भिंतींना खालून एक फूट, दार वजा जाता सुमारे २४. शॉवरच्या दोन भिंतींना सहा फुटांपर्यंत, म्हणजे आणखी ४०. एकूण साधारण १०५ चौरस फूट. ठेकेदार फक्त फरशीचे ४० धरून स्वस्त दर देत असेल तर शॉवरमागची भिंत कोरडी ठेवायची जबाबदारी कुणाची, हे विचारा.

कोपऱ्यांत आधी सिमेंटचा गोलसर वाटा (भिंत-फरशीचा कोन बुजवणारी पट्टी), मग रसायनाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. गळती बहुतेक वेळा मोकळ्या फरशीतून नसते. ट्रॅपच्या गळ्याभोवती आणि पाइप भिंतीतून जातात तिथे असते. तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्या. नंतर ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि ४८ तासांनी बघा. बाष्पीभवनाने दोन-चार मिलिमीटर उतरलं तर ठीक. त्याहून जास्त उतरलं किंवा खालच्या छताला ओल आली तर पुन्हा. हीच चाचणी कोबा झाल्यावर परत घ्या. कोब्याला आठवडाभर पाणी मारायचं असतं. हे दिवस घाईत कापले जातात आणि पुढे तडे जातात.

टाइल्सची मोजणी

परिघ २६ फूट, उंची ७ फूट: १८२ चौरस फूट. दार १७.५ आणि खिडकी ४ वजा केली की १६० उरतात. १० टक्के तुटफूट धरून १७६. ३०० बाय ६०० मिमीच्या टाइल्सचा पाच नगांचा बॉक्स ९.६९ चौरस फुटांचा, म्हणजे १९ बॉक्स. फरशीला ४० अधिक १० टक्के, ४४. ३०० बाय ३०० मिमीचे ४६ नग. बॉक्समधले नग कंपनीनुसार बदलतात, तेव्हा वेष्टनावरचा आकडा वाचा आणि सगळ्या बॉक्सवरचा बॅच व शेड नंबर एकच आहे ना ते बघा.

फरशीला ६०० बाय ६०० ची टाइल घेऊ नये. ढाळ ट्रॅपकडे चारही बाजूंनी येतो, मोठी टाइल वाकत नाही, ती तिरकी कापावी लागते. नाहीतर मधे पाणी साचतं. ढाळ ८० ला १ धरला तर आठ फुटांत सव्वा इंच उतार पडतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर धरत नाही. अॅडहेसिव्हची २० किलोची गोणी ३ मिमी थराला पन्नासेक चौरस फूट पुरते, पण भिंत सरळ नसतेच, म्हणून ४० धरा: २०० चौरस फुटांना पाच गोण्या. टाइल्सच्या सांध्यांत भरायचा इपॉक्सी ग्राउट फरशीला आणि शॉवरच्या भिंतींना पुरे. बाकी भिंतींना साधा चालतो.

कागदावरचा हिशेब

दोन लाखांत बसवायचं असेल तर मांडणी अशी. रक्कम नमुन्याची आहे. तुमच्या गावचे दर घाला, प्रमाण फारसं बदलत नाही.

- तोडफोड, राडारोडा, टेम्पो: १८,०००
- प्लंबिंग, मजुरी आणि पाइप-ट्रॅप: २८,०००
- वॉटरप्रूफिंग व कोबा: २०,०००
- टाइल्स: १६,०००
- अॅडहेसिव्ह व ग्राउट: ७,०००
- टाइल बसवणं, ग्रॅनाइट उंबरा-चौकट: १६,०००
- कमोड, बेसिन: २०,०००
- नळ, मिक्सर, शॉवर: २५,०००
- वायरिंग: १०,०००
- दार, खिडकी, एक्झॉस्ट: १२,०००

बेरीज १,७२,०००. त्यावर १५ टक्के राखीव, २५,८००. एकूण १,९७,८००. राखीव रक्कम पाणीचाचणी पास होईपर्यंत काचेचं पार्टिशन किंवा फॉल्स सीलिंगसाठी मोडू नका. टाइल्स, नळ आणि सॅनिटरीवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे; दुकानदार सांगतो तो दर करासकट की करावेगळा, एवढ्या एका प्रश्नावर दहा-बारा हजारांचा फरक पडतो. गीझर नवा घ्यायचा असेल तर वेगळा धरा. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो. त्याला ४ चौरस मिमी तांब्याची वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. वायरिंगच्या १०,००० मध्ये हे बसतं.

वाचवायचं कुठे? टाइल छतापर्यंत न नेता सात फुटांवर थांबवा. नळांना काळा मॅट रंग टाळा. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षारांचे पांढरे ठिपके त्यावर पंधरा दिवसांत दिसतात, क्रोम पुसता येतं. भिंतीत जाणाऱ्या व्हॉल्व्हवर मात्र हात आखडू नका. ज्या कंपनीचं आतलं कार्ट्रिज दहा वर्षांनीही गावात मिळेल, तीच घ्या.

पैसे कधी द्यायचे

काम तीन ते चार आठवड्यांचं असतं. घरात दुसरं बाथरूम नसेल तर राहायची सोय हाही खर्चच. मजुरीचे हप्ते तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा: सुरुवातीला २० टक्के, प्लंबिंगची दाबचाचणी झाल्यावर २०, दोन्ही पाणीचाचण्या झाल्यावर २५, टाइल्स झाल्यावर २५. उरलेले १० टक्के बाथरूम पंधरा दिवस वापरून, खालचं छत पुन्हा बघून.

भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, टेपवरचे आकडे वाचता येतील असा. टॉवेलच्या दांडीसाठी भोक पाडताना तोच कामी येतो. आणि प्रत्येक प्रकारच्या चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवा; तो डिझाइन नंबर दोन वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही.