जुनं खातं बंद, जुनं कार्ड चालू

नाशिकच्या पहिल्या नोकरीतलं पगाराचं खातं मी विसरूनच गेलो होतो. २ वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. १० वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. मिळतात नंतरही, पण हेलपाटे कोण घालणार? असं खातं बंदच करा. आधी एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने जाणारी रक्कम), विम्याचे हप्ते, गॅसचं अनुदान दुसरीकडे वळवा, जुनी स्टेटमेंटं उतरवून घ्या.

क्रेडिट कार्डाचं वेगळं. वार्षिक फी नसलेलं सर्वांत जुनं कार्ड मी ठेवलंय. अधूनमधून त्यावर पेट्रोल भरतो. फीवालं बंद केलं. थकबाकी शून्य करून लेखी विनंती द्या. कामकाजाच्या ७ दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. रिवॉर्ड पॉइंट मात्र आधी वापरा, माझे बुडाले.