बेताच्या किमतीचा बेल्ट-डिस्क सँडर निवडताना

बेल्ट-डिस्क सँडर म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर आणि चकतीवर लाकूड किंवा धातू घासण्याचे यंत्र. बेताच्या किमतीच्या अशा सँडरमध्ये काही ना काही उणीव असणारच, हे आधी मान्य केले की निवड बरीच सोपी होते. मग प्रश्न एवढाच उरतो, की जी उणीव आपण पैसे मोजून घरी आणत आहोत ती पुढे काढता येण्याजोगी आहे, की यंत्र आहे तोवर आपल्या माथी राहणार आहे. कोल्हापूरच्या हौशी कारागिराची या बाबतीत चांगली सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात टर्निंग, मिलिंग आणि मोटार रिवायंडिंगची कामे करणारी छोटी वर्कशॉप आहेत, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या ओतकाम कारखान्यांमुळे बिडाच्या कास्टिंगची नस ओळखणारी माणसेही शहरात सहज भेटतात. त्यामुळे यंत्राचे टेबल, म्हणजे घासताना लाकूड टेकवायची जागा, थोडे वाकडे असले तर ते सरळ करून घेता येते. मोटारच चुकीच्या जातीची निघाली तर मात्र कोणाचा इलाज चालत नाही.

घरगुती वापराच्या यंत्रांत मुख्यतः दोन मापे आढळतात. पहिल्या प्रकारात २५ मिलिमीटर रुंद व ७६२ मिलिमीटर लांब असा अरुंद पट्टा आणि बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाची चकती असते. दुसऱ्यात १०० मिलिमीटर रुंद व ९१५ मिलिमीटर लांब पट्टा आणि १५० मिलिमीटरची चकती असते. दुकानात ही मापे इंचांतच बोलली जातात, म्हणजे ‘एक बाय तीस’ आणि ‘चार बाय छत्तीस’. पटाशी, सुरी, रंध्याचे पाते यांना धार लावणे किंवा खेळण्यांच्या आतल्या वळणांत घासणे हे मुख्य काम असेल, तर अरुंद पट्टा उत्तम. मात्र डबे, फोटोच्या चौकटी, छोटे स्टूल, देव्हारा असे लाकूडकाम करायचे असेल, तर चार बाय छत्तीसच घ्यावा, कारण त्याचा पट्टा आडवा करून त्यावर सपाट फळी घासता येते आणि उभा करून बाहेरची गोलाई काढता येते. ही दोन्ही कामे अरुंद पट्ट्यावर रेटून करू पाहणाऱ्याच्या फळीवर शेवटी लाटाच उमटतात.

माप ठरले की यंत्राआधी पट्ट्याची चौकशी करावी. यंत्र एकदाच घ्यायचे असते, पट्टे आणि चकत्या मात्र वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, आणि एखाद्या कंपनीने स्वतःचे वेगळेच माप ठेवले असेल तर स्वस्तात मिळालेले यंत्र वर्षभरात महाग पडते. आपल्याला हव्या त्या मापाचा पट्टा ८०, १२० आणि १८० नंबरात (नंबर जितका मोठा तितका पट्टा बारीक) गावात मिळतो का, हे अ‍ॅब्रेसिव्ह विकणाऱ्या दोन दुकानांत विचारून घ्यावे. तयार पट्टा नसेल, तर रोलमधून कापून, जोड मारून देणारा विक्रेता आहे का हेही विचारावे. जी रक्कम मनाशी धरली असेल तिचा पाचवा हिस्सा पट्टे, चकत्या, मास्क आणि धूळ ओढण्याची व्यवस्था यांसाठी बाजूला काढूनच उरलेल्या पैशांत यंत्र शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीच्या बाबतीत जाहिरातीतल्या वॉटवर विसंबू नये. अर्धा अश्वशक्ती म्हणजे साधारण ३७३ वॉट, आणि घरच्या कामाला तेवढी शक्ती पुरते. परंतु मोटारीवरच्या पाटीवर लिहिलेले वॉट मोटार विजेच्या तारेतून घेते ते आहेत, की शाफ्टवर प्रत्यक्ष देते ते, हे पाहिल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना होऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोटारीची जात. कार्बन ब्रश असलेली मोटार हलकी व स्वस्त असते, पण तिचा आवाज कर्कश असतो, भार पडला की तिचा वेग उतरतो आणि ब्रश झिजत राहतात. इंडक्शन मोटार जड असते, तिचा आवाज सौम्य असतो आणि भाराखाली तिचा वेग फारसा ढळत नाही, म्हणून टेबलावर ठेवण्याच्या सँडरला तीच शोभते. पाटीवर ‘एस १’ असे असेल तर मोटार सलग चालण्यासाठी बांधलेली आहे. ‘एस २’ आणि पुढे काही मिनिटांचा आकडा असेल, तर पूर्ण भारावर तेवढी मिनिटे चालवल्यानंतर तिला थंड होऊ द्यावे लागते. अनेक स्वस्त यंत्रांचे रहस्य या एका अक्षर-आकड्यात दडलेले असते, आणि दुकानदार ते आपण होऊन सांगत नाही.

वेगाचेही असेच आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची इंडक्शन मोटार मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते आणि चार पोलची सुमारे १४४०. १५० मिलिमीटरच्या चकतीची कड पहिल्या वेगाला सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते, दुसऱ्याला ११ मीटर. वेगवान चकती भराभर कापते, पण कडक आणि तेलकट लाकूड तिच्यावर चटकन काळे पडते; सागवानाचे काम जास्त असणाऱ्याने १४४० फेऱ्यांचे यंत्र मिळाले तर ते आनंदाने घ्यावे. परदेशातून कोणी आणलेले ११० व्होल्टचे यंत्र स्वस्तात मिळत असेल, तरी मोह आवरावा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, विजेची फ्रीक्वेन्सी बदलत नाही, आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेली इंडक्शन मोटार आपल्याकडे मंद फिरते आणि अधिक तापण्याचा धोका राहतो.

दुकानात जाताना खिशात एक छोटा गुण्या, पोलादी पट्टी आणि टोकदार पेन्सिल असावी. प्लग काढलेला आहे याची खात्री करून पेन्सिल टेबलावर घट्ट धरावी, तिचे टोक चकतीच्या कडेजवळ केसभर अंतरावर आणावे आणि चकती हाताने सावकाश फिरवावी. टोक आणि चकती यांच्यातली फट एका बाजूला रुंदावत आणि दुसऱ्या बाजूला मिटत असेल, तर चकती डुगडुगते आहे. ती नुसती शाफ्टवर तिरपी बसली असेल तर ग्रब स्क्रू (चकती शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) सैल करून नीट बसवता येते, आणि चकतीचे तोंडच वाकडे असेल तर लेथवर एक हलका कट घेऊन सरळ होते. पण शाफ्ट वाकलेला असेल तर यंत्र तिथेच ठेवून बाहेर पडावे. त्यानंतर गुण्याने टेबल आणि चकती यांतला काटकोन तपासावा, टेबल ४५ अंशांत तिरपे करून पुन्हा मूळ जागी आणावे आणि काटकोन पुन्हा तपासावा. सुरुवातीला कोन चुकलेला असणे हा दोष नव्हे, तो जुळवता येतो. टेबलाची मूठ घट्ट आवळल्यावरही टेबल सरकते, हा मात्र दोष आहे. चकती आणि टेबल यांच्यातली फट दोन मिलिमीटरांपेक्षा जास्त नसावी, कारण तिच्यात लाकडाचा बारीक तुकडा ओढला गेला की बोटेही त्याच्या मागोमाग जातात.

मग यंत्र चालू करून दाखवायला सांगावे. पट्टा सुरुवातीला एका बाजूला सरकेल. ट्रॅकिंगची मूठ थोडी फिरवली की तो मधोमध यावा आणि तिथेच टिकावा. लाकडाचा तुकडा त्यावर थोडा दाबून धरला, की कमी प्रतीचे यंत्र उघडे पडते. पट्टा पुन्हा भरकटत असेल, तर रोलर एकमेकांना समांतर नाहीत किंवा ताण देणारी स्प्रिंग कमजोर आहे. स्प्रिंग बदलता येते, झिजलेला रोलर मध्यभागी किंचित फुगीर ठेवून लेथवर पुन्हा काढून घेता येतो. ज्या ओतीव भुजेवर ते रोलर बसले आहेत तीच पिळलेली असेल तर ट्रॅकिंगशी रोज भांडण होईल. यंत्र बंद केल्यावर ते कसे थांबते याकडेही कान द्यावेत. बेअरिंग खरखरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यावरचा नंबर सांगितला की तसेच दुसरे बेअरिंग मिळते. पट्ट्याला गती देणारा आतला दातेरी बेल्ट मात्र कोणत्या मापाचा आहे आणि तो सुटा मिळतो का, हे आधीच विचारून ठेवावे.

पट्ट्यामागची आधारपट्टी स्वस्त यंत्रांत अनेकदा पातळ पत्र्याची असते, आणि तिच्यात पोक आला की घासलेली फळी कधीच सपाट होत नाही. ती काढून त्याच मापाची पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी ग्राइंडिंग करून बसवली, की यंत्राचे रूपच पालटते. माझ्या मते स्वस्त सँडरवर करण्याजोगी ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. बैठक हलकी असेल तर जाड प्लायवुडवर किंवा अँगलच्या स्टँडवर बोल्टने आवळावी.

उद्यमनगरात किंवा भंगारवाल्याकडे कधीकधी जुना कारखानी सँडर मिळतो, आणि त्याचे बिडाचे अंग पाहून मन मोहून जाते. त्याची मोटार बहुधा थ्री फेजची असते आणि घरचे कनेक्शन सिंगल फेजचे. सिंगल फेजवर चालून थ्री फेज देणारा ड्राइव्ह मिळतो, पण त्याची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा. अंग शाबूत असेल आणि ठेवायला जागा असेल, तर असे यंत्र नव्या हलक्या यंत्रापेक्षा कितीतरी सरस ठरते.

वीज आणि धूळ या दोन बाबतींत काटकसर करू नये. तीन पिनांचा, अर्थिंग तपासलेला सॉकेट हवा. आणि वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच असेल तर फारच उत्तम, नसेल तर तो वेगळा बसवून घ्यावा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदलेली आहे, त्यामुळे एन ९५ मास्क आणि धूळनळीला जोडलेला व्हॅक्युम हा कामाचाच भाग समजावा. लोखंड घासायचे असेल तेव्हा भुशाची पिशवी काढून, नळी रिकामी करून मगच घासावे. लाकडाच्या भुशात पडलेली ठिणगी तासन्‌तास धुमसत राहते. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांची धूळ तर एकत्र कधीच साठू देऊ नये. फिरत्या चकतीजवळ हातमोजे, सैल बाही आणि ओढणी नको.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या कामासाठी ८० नंबरचा पट्टा आणि १२० नंबरची चकती लावावी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल, तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा. लाकूड नेहमी चकतीच्या खाली उतरणाऱ्या अर्ध्या भागावरच, बहुतेक यंत्रांत समोरून डाव्या बाजूला, टेकवावे, म्हणजे ते टेबलावर दाबले जाते. दुसऱ्या अर्ध्या भागावर ते उसळून हातातून सुटते. तुकडा सतत सरकता ठेवावा आणि जोर लावू नये. पट्टा सागाच्या चिकट भुशाने भरला, तर क्रेप रबराचा ठोकळा चालत्या पट्ट्यावर हलकेच धरावा. जुन्या चपलेचा क्रेप सोलही तेच काम तितकेच चांगले करतो, आणि तो फुकट असतो. जून ते सप्टेंबर या काळात पट्टे घडी न करता रुंद खुंटीवर सैल टांगावेत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कारण ओल धरली की त्यांचे जोड सुटतात आणि कागदी चकत्या वळतात. बिडाच्या टेबलाला तेलाऐवजी मेण चोळावे. तेलाचे डाग लाकडावर उतरले की पुढे त्यावर पॉलिश नीट धरत नाही.