कुटुंब नसलेल्या सैनिकाला आधार द्यायचा तर

ग्लॅडिस व्हँडेनबर्ग या बाईंना मी फार मानते. त्यांचे पती हॉइट व्हँडेनबर्ग अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख होते. १९४८ मध्ये आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत या दोघांच्या लक्षात आलं, की काही जवानांच्या अंत्यविधीला धर्मगुरू आणि मानवंदनेची तुकडी सोडली तर कुणीच नसतं. ग्लॅडिसबाईंनी इतर अधिकाऱ्यांच्या पत्नींना गोळा केलं आणि प्रत्येक अंत्यविधीला एकजण तरी जाईल अशी व्यवस्था लावली. त्यातून 'आर्लिंग्टन लेडीज' उभ्या राहिल्या. पुढे भूदलाने आणि १९८५ मध्ये नौदलाने तीच पद्धत उचलली. या बायका भाषण करत नाहीत. त्या हजर राहतात, इतकंच.

त्या शेवटच्या दिवशी हजर राहतात, आपल्याला सैनिक जिवंत असताना हजर राहायचंय. कुटुंब नसलेल्या सैनिकाला पत्रं लिहून आधार कसा द्यायचा, त्यासाठीचा हा लेख.

नाव मिळवणं

ज्याला लिहायचं त्या सैनिकाचं नाव मिळवायच्या दोनच वाटा: सैनिकांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था किंवा थेट युनिट. समाजमाध्यमांवर स्वतः शोधायला जाऊ नका. पहिल्या महायुद्धात ज्या फ्रेंच सैनिकांची घरं जर्मनीव्याप्त उत्तर फ्रान्समध्ये होती, त्यांना घरून एक ओळही येत नव्हती. त्यांच्यासाठी मार्गरीत द लेन्स यांनी जानेवारी १९१५ मध्ये 'सैनिकाचं कुटुंब' या अर्थाच्या नावाची संस्था काढली आणि स्त्रियांना या सैनिकांच्या 'युद्धकाळातल्या धर्ममाता', म्हणजे त्यांना पत्रं लिहिणाऱ्या मानलेल्या आया, केलं. कल्पना पसरली, वर्तमानपत्रांत खासगी जाहिराती यायला लागल्या आणि पत्रांच्या आडून हेर माहिती काढतील या धास्तीने लष्कर अस्वस्थ झालं. आज धोका उलट बाजूने आहे. सैनिकाचा चोरलेला फोटो लावून "रजा मंजूर करून घ्यायला पैसे लागतात" असं सांगणारे भामटे ढिगाने आहेत. रजेसाठी बाहेरच्या माणसाकडून पैसे घेणारं लष्कर नसतं. पैशाचा विषय निघाला की पत्रव्यवहार तिथेच थांबवा आणि संस्थेला कळवा.

'कुटुंब नसलेला' म्हणजे अनाथच, असं धरून चालू नका. इस्रायलमध्ये अशा सैनिकांना अधिकृत दर्जा आहे. त्यात आईवडील परदेशात असलेले येतात, आईवडील नसलेले येतात आणि ज्यांचं घराशी नातंच तुटलंय असेही येतात. तुमचा सैनिक यातला कोणता, हे तो सांगेल तेव्हाच कळू द्या.

पहिलं पत्र

एक पान. हाताने, सुवाच्य. तुम्ही कोण, काय करता, खिडकीतून काय दिसतं. तो कुठे आहे, किती जण आहेत, कुठे निघालेत, हे विचारायचं नाही. वर कोपऱ्यात पत्राचा क्रमांक आणि तारीख घाला, कारण छावणीत टपाल उलटसुलट पोचतं आणि मधलं एखादं गहाळ झालं तर क्रमांकावरून कळतं.

"मला तुझी आईच समज" हे वाक्य लिहू नका. लिहिणाऱ्याला ते प्रेमळ वाटतं, वाचणाऱ्याला त्याची आई आठवते. तिची आठवण त्याच्यासाठी काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं. नातं त्याला जोडू दे. त्याने पुढे ताई म्हटलं, मावशी म्हटलं, तर आनंदाने स्वीकारा.

उत्तर येत नाही तेव्हा

खरी परीक्षा इथे असते. बहुतेक लोक इथेच गळतात आणि मीही इथेच सगळ्यात जास्त अडखळले. पहिल्या पत्राला उत्तर येतं, कधी दुसऱ्यालाही. मग शुकशुकाट. आपण मनात हिशोब मांडायला लागतो: त्याला आवडलं नसेल, आपण जास्त बोललो असू, तो जखमी तर नसेल? यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे "त्याला थोडी मोकळीक द्या". एरवी ठीक, पण या माणसाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. ज्याला आयुष्यात लोक सोडून गेलेत, त्याला तुमची मोकळीक म्हणजे आणखी एकजण गेला, इतकीच दिसते.

म्हणून लिहीत राहा, ठरलेल्या वारी. पत्र लहान करा, पण वार चुकवू नका. "तुझं उत्तर आलं नाही" हे वाक्य कितीही सौम्य केलं तरी तक्रारच असते, ते गाळा. "काळजी वाटते" हेही गाळा, कारण मग तुमची काळजी मिटवण्याचं काम त्याच्या अंगावर पडतं. प्रश्न विचारू नका. सांगत राहा, आणि पुढच्या पत्रात पुढे सरकेल असं काहीतरी निवडा: कुंडीत लावलेलं रोप, अर्धवट वाचलेलं पुस्तक, समोर चाललेलं बांधकाम. "चौथ्या मजल्याचा स्लॅब आज टाकला" ही ओळ क्षुल्लक दिसते. पण पुढच्या आठवड्यात पाचव्या मजल्याचं पत्र येणार, हे त्याला त्यातून कळतं.

उत्तर देणं सोपं करायचीही एक युक्ती आहे, आणि ती जुन्या ब्रिटिश फौजेची आहे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या सैनिकांना छापील पोस्टकार्ड मिळायचं. त्यावर 'मी ठीक आहे', 'मी इस्पितळात दाखल आहे', 'तुमचं पत्र मिळालं', 'लवकरच पत्र लिहितो' अशा ओळी असत. नको त्या खोडायच्या, खाली सही आणि तारीख. जास्तीचं काही लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी तंबीही वर छापलेली असे. तसंच कार्ड तुम्ही बनवा, फक्त तंबी वगळा. चार ओळी पुरेत: पत्रं मिळतात. ठीक आहे. लिहायला सुचत नाही. पुढचं पाठवा. तुमचा पत्ता आधीच लिहून ठेवा आणि दर काही पत्रांबरोबर एक कार्ड घाला. ज्यांना पानभर लिहिणं जमत नाही, अशांकडून तीन ओळी खोडलेलं कार्ड परत आलेलं मी पाहिलंय. उरलेली ओळ होती 'पुढचं पाठवा'.

फार दिवस काहीच आलं नाही तर संस्थेला विचारा, त्याच्या सोबत्यांना गाठू नका. संस्थेकडून "लिहू नका" असा निरोप आला, तर तो शेवटचा शब्द माना.

पार्सल

काय चालतं ते संस्थेच्या यादीत असतं. फक्त एक सांगते: एकट्यापुरतं पाठवू नका, खोलीतल्या सगळ्यांना पुरेल इतकं पाठवा. त्याने आजवर इतरांच्या पार्सलमधला वाटा घेतलेला असतो. त्याला एकदा वाटणारा होऊ दे.

रजा

बाकीचे घरी जायच्या पिशव्या भरतात तेव्हा त्याला कुठे जायचं हा प्रश्न असतो. ओळख मुरली असेल आणि संस्थेची हरकत नसेल, तर घरी बोलवा. त्याला झोपू द्या, कपडे धुवायची सोय दाखवा, दाराची एक किल्ली हातात ठेवा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून सत्कार, भाषण, फोटो यातलं काहीही करू नका. युद्धाच्या गोष्टी विचारू नका. शपथविधी किंवा पदक समारंभ असेल तर मात्र जा, कारण तिथे प्रत्येकाचं कुणीतरी गर्दीत उभं असतं.

अर्जातला रकाना

कधीतरी तो विचारेल, "आणीबाणीत कळवायचं नाव म्हणून तुमचं देऊ का?" आपण होऊन हे सुचवू नका. त्याने विचारलं, तर एक रात्र विचार करून उत्तर द्या. हो म्हणालात, तर फोन रात्री-अपरात्री येऊ शकतो. इस्पितळात जावं लागेल, सह्या कराव्या लागतील. कोणते अधिकार त्या नावाला मिळतात आणि कोणते फक्त रक्ताच्या नात्याला, हे त्याला युनिटच्या कार्यालयात विचारायला सांगा. पत्ता किंवा फोन बदलला की त्याच आठवड्यात कळवा.

सेवा संपण्याच्या सुमारास पुढचा पत्ता आधीच मागून ठेवा. युनिटचं टपाल बंद होतं आणि सोबतीही पांगतात. सेवा संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पत्रांचा ठरलेला वार अजिबात चुकवू नका.