कॅपॅबिलिटी शीट हाती आल्यावर: पीसीबी आणि एसएमटीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

यवतमाळ, आर्वी किंवा गडचिरोलीच्या तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन बुटीबोरीला किंवा पुण्याकडे पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) कामावर रुजू होणाऱ्यांच्या हाती सुरुवातीलाच कारखान्याची कॅपॅबिलिटी शीट, म्हणजे कारखाना काय बनवू शकतो याच्या मर्यादांची यादी, पडते. एफआर-४, सोल्डर मास्क, गर्बर फाइल हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून मी थेट त्या शीटविषयी लिहिते, कारण नव्या माणसाची गाडी तिथेच अडते आणि माझीही बराच काळ तिथेच अडलेली होती.

शीटवर साधारणपणे असे लिहिलेले असते: किमान ट्रॅक (तांब्याची रेघ) ०.१ मिलिमीटर, किमान ड्रिल ०.२ मिलिमीटर, बोर्डाची जाडी ३.२ मिलिमीटरपर्यंत, तांबे ७० मायक्रॉनपर्यंत. चारही आकडे खरे असतात, पण ते चारही एकाच बोर्डावर मिळतील असे शीट कुठेही म्हणत नाही. एचिंगचे, म्हणजे नको असलेले तांबे काढून टाकणारे, रसायन तांबे वरून खाली खाते तसे बाजूनेही खाते. त्यामुळे ३५ मायक्रॉनच्या तांब्यात जी बारीक फट स्वच्छ निघते, तीच ७० मायक्रॉनमध्ये काढू गेल्यास तळाशी तांबे उरून शॉर्ट होतो, आणि तो घालवण्यासाठी बोर्ड अधिक वेळ ठेवला तर ट्रॅकच झिजतो. ड्रिलचेही तसेच आहे. ०.२ मिलिमीटरचे भोक १.६ मिलिमीटरच्या बोर्डात म्हणजे खोली व्यासाच्या ८ पट, पण ३.२ मिलिमीटरच्या बोर्डात तीच १६ पट होते. भोकाच्या आत तांबे चढवणारे प्लेटिंगचे द्रावण मधोमध पुरेसे फिरत नाही आणि तिथली तांब्याची भिंत पातळ राहते. असा बोर्ड इलेक्ट्रिकल टेस्टमध्ये बिनदिक्कत पास होतो आणि पुढे रीफ्लोच्या (सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनच्या) उष्णतेत जाडीच्या दिशेने फुगला की नेमका तिथेच तुटतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ड्रॉइंगमधले ०.९ मिलिमीटर हे बहुधा प्लेटिंगनंतरचे भोक असते, ड्रिल साधारण १ मिलिमीटरचे लागते. तेव्हा भोवतीच्या तांब्याच्या पॅडची रुंदी मोठ्या आकड्यावरून मोजावी लागते. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर ‘किती जाडीला, किती तांब्याला’ हे प्रोसेस विभागात विचारून स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. शीट पाठ करून मुलाखत निघेल, पण पहिल्याच अवघड ऑर्डरला उघडे पडाल.

एसएमटीकडे, म्हणजे बोर्डावर पार्ट बसवून सोल्डर करण्याच्या कामाकडे, जाणाऱ्यांनी सोल्डर पेस्टला सर्वाधिक मान द्यावा. पेस्ट फ्रिजमध्ये ० ते १० अंशांवर ठेवतात आणि बरणी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ देतात, ज्याला साधारण चार तास लागतात. आपल्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की थंड बरणी घाईने उघडली तर आतल्या पेस्टवर दव धरते, आणि मग रीफ्लोनंतर पॅडच्या कडेला सोल्डरचे बारीक मणी भिंगाखाली चमकताना दिसतात. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत हा त्रास नसतो, तेव्हा स्थिर विद्युत भोवते. मनगटपट्टी रोज तपासा. ओव्हनच्या पडद्यावरच्या तापमानावरही विसंबू नका. शिसेविरहित एसएसी३०५ पेस्ट २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते, पण बोर्ड प्रत्यक्षात किती तापला हे बोर्डावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून प्रोफाइल (तापमानाचा आलेख) घेतल्याशिवाय कळत नाही. मोठा कनेक्टर आणि बाजूचा चिमुकला रेझिस्टर एकाच वेळी तापत नाहीत. (जाता जाता: पार्टच्या आकाराच्या सांकेतिक आकड्यांत इंचातला ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर आणि मेट्रिकमधला ०६०३ म्हणजे ०.६ बाय ०.३ मिलिमीटर. पार्टची रील लावण्यापूर्वी कोणता ते विचारा.)

हमखास नोकरीची हमी देणाऱ्या थोड्या दिवसांच्या एसएमटी कोर्सला घरच्यांनी कापूस विकून आणलेले पैसे भरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्याच काळात अप्रेंटिसशिपमध्ये मशीनला हात लागतो आणि वर विद्यावेतनही मिळते. वरिष्ठ निवडायचा झाला तर पदवी पाहू नका. स्टेन्सिल (पेस्ट छापायचा छिद्रांचा पत्रा) उलटी करून खालची बाजू स्वतः पुसणारी ऑपरेटर ताई तुम्हाला जे शिकवेल, ते केबिनमधले साहेब शिकवणार नाहीत. साहेबांवर माझा राग आहे हे मान्य, तरी सल्ला तोच राहील.

इंग्रजीची धास्ती मात्र उगाच घेऊ नका. बोर्ड जोडल्यावर काय स्वीकारायचे आणि काय नाकारायचे हे सांगणारे आयपीसी-ए-६१० हे मानक चित्रांनी भरलेले आहे, आणि वर्ग १, २, ३ यांतला फरक चित्रे पाहत गेल्यास महिन्याभरात डोळ्यांना कळू लागतो. रुजू होताना ऑफिसातील डेटाचे काम आणि पेस्ट प्रिंटरवरची शिफ्ट यांपैकी एक निवडण्याची मुभा मिळाली, तर निदान पहिले सहा महिने प्रिंटर मागून घ्या, रात्रपाळी असली तरी.