कथेतल्या प्रजातीसाठी फेकायची हत्यारे : घडवावीत कशी, तपासावीत कशी

काल्पनिक प्रजातीच्या हातात भाला किंवा गोफण देणे कागदावर फार सोपे असते. पण तो हात खांद्याच्या वर जातो का, त्याला बोटे किती, अंगठा बोटांसमोर येतो का, याचा विचार आधी झालेला नसेल, तर हत्यार माणसाचेच राहते आणि प्रजाती नुसते सोंग होऊन बसते. गोष्ट, चित्रकथा किंवा खेळ रचणाऱ्या ज्या वाचकाजवळ पऱ्हाटी उपटून मोकळे झालेले एखादे वावर, मूठभर अंबाडी आणि बाभळीच्या दोन-चार फांद्या आहेत, त्याला हे सारे स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येते. मी येथे माझ्या कथेतील ‘रानुले’ उदाहरणासाठी घेतो. ते मेळघाटासारख्या साग-बांबूच्या रानात राहतात, त्यांची उंची तीन फूट आहे, हाताला तीन बोटे आहेत, अंगठा नाही आणि दंड खांद्याच्या पातळीपेक्षा वर उचलला जात नाही.

पहिली पायरी : आधी सांधा ठरवावा

फेकण्याचे बळ मनगटात असते असे आपण सहज समजतो, परंतु त्याचा मोठा वाटा खांद्यात असतो. हात मागे ताणला जाताना खांद्याभोवतीचे स्नायुबंध ताणून ऊर्जा साठवतात आणि पुढे येताना ती एकदम मोकळी करतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आले. चिंपांझी माणसापेक्षा अंगबळाने वरचढ असूनही ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच फेकू शकतो. याउलट, चेंडू टाकताना वाकलेले कोपर झटक्याने सरळ न करण्याचे बंधन पाळूनही विदर्भाकडून खेळलेला उमेश यादव ताशी १४० किलोमीटरच्या पुढे जात असे. कोपर वजा केले तरी खांदा आणि धाव किती काम करतात, हे त्यावरून ध्यानात येते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर प्रजातीचे खांदा, कोपर, मनगट, कंबर आणि बोटे यांपैकी काय किती वळते ते लिहून काढावे. रानुल्यांच्या बाबतीत ही नोंद होताच डोक्यावरून फेकायचा भाला बाद होतो, आणि भाल्याला मागून रेटणारी फेककाठीही त्याच्यासोबत जाते, कारण दोन्हींना उंच उचललेला दंड लागतो. उरते ती आडवी फिरवायची गोफण आणि जमिनीलगत बाजूने फेकायचा वाकडा दांडका.

दुसरी पायरी : गोफण वळणे

ज्वारीच्या राखणीला माळ्यावरून गोफण चालवणारी माणसे ज्या गावात अजून आहेत, तेथे आधी त्यांच्याकडे बसावे. हाताची ती सवय लेख वाचून येत नाही. सोललेली अंबाडी थोडी ओलसर करून तिची तीन पेडांची वेणी घालावी. मध्यावर आल्यावर पेड फाकवून वीतभर लांबीची झोळी विणावी किंवा तेथे चामड्याचा तुकडा शिवावा, आणि पुन्हा तेवढ्याच लांबीची दुसरी वेणी घालावी. एका टोकाला बोट अडकवायचा फास असतो, तर दुसऱ्या टोकाला सोडून द्यायची गाठ. दुमडलेली गोफण फेकणाऱ्याच्या हाताएवढी लांब असली की सुरुवातीला पुरते.

रानुल्यांची खरी अडचण गाठीपाशी आहे. माणूस ती गाठ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतो. रानुल्यांना चिमूटच नाही. तेव्हा आपला अंगठा चिकटपट्टीने तळहाताला बांधून टाकावा आणि गाठ दोन बोटांच्या बेचक्यात धरून पाहावी. बारीक गाठ आधीच निसटते, फार मोठी गाठ अडकून उशिरा सुटते आणि गुंडा, म्हणजे झोळीतला दगड, डावीकडे भरकटतो. करंगळीएवढ्या जाडीची, मेण चोळून गुळगुळीत केलेली लाकडी खुंटी त्या जागी बांधली की सुटणे एकसारखे होते. माणसाच्या गोफणीला अशा खुंटीची गरज नसते. म्हणजे कथेत रानुल्यांची गोफण कोठे सापडली तर ती खुंटीवरून ओळखू येईल, आणि असा तपशील नुसत्या कल्पनेतून हाती लागणे कठीण असते.

तिसरी पायरी : गोफणगुंडे

चाचणीला एकाच वजनाचे गुंडे हवेत. नाल्यातले दगड निवडत बसण्यापेक्षा मातीचे गुंडे वळून उन्हात वाळवणे बरे. मात्र आपली काळी माती एकटी वापरू नये, ती वाळताना आकसते आणि भेगाळते. तिच्यात नदीकाठचा पोयटा आणि बारीक कुटार मिसळावे, तराजूवर प्रत्येक गोळा तोलावा आणि वाळल्यावर चुना फासावा, म्हणजे तो हवेत दिसतो.

वजन ठरवताना थोडे गणित अटळ आहे. उंची निम्मी झाली की अंगाचे वजन निम्मे होत नाही, ते सारख्या बांध्याच्या प्राण्यात आठव्या हिश्शावर येते. साडेपाच फुटी माणसाच्या तुलनेत तीन फुटी रानुला सुमारे एक षष्ठांश वजनाचा भरतो, आणि त्याच्या स्नायूंचे कामही ढोबळमानाने त्याच प्रमाणात घटते. माणूस ६० ग्रॅमचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आवळ्याएवढा गुंडा फेकत असेल, तर रानुल्याच्या वाट्याला १० ग्रॅमचा, बोराएवढा खडा येतो.

वाकडा दांडका

तमिळनाडूतील वळरी आणि तुतनखामेनच्या थडग्यात सापडलेले फेकदांडके पाहिले, की हे हत्यार किती दूरदूरच्या लोकांना सुचले ते कळते. त्यासाठी बाभळीची किंवा हिवराची मुळातच वाकलेली, छाटणीत निघालेली फांदी घ्यावी. राखीव जंगलातून तोडू नये. दोन्ही कापांना शेणमातीचा लेप देऊन ती सावलीत वाळवावी, नाहीतर टोके चिरतात. मग वासल्याने दोन्ही अंगे चपटी करून कडा काचेच्या तुकड्याने खरवडाव्यात. हा दांडका परत येत नाही, तो आडवा गरगरत जमिनीलगत जातो. त्यामुळे एखाद्या खड्यापेक्षा त्याची झेप कितीतरी रुंद असते आणि नेम थोडा चुकला तरी चालतो.

चौथी पायरी : वावरातली चाचणी

गोफण चुकून कोणत्याही दिशेला सुटू शकते. म्हणून समोर किमान दोनशे मीटर मोकळे रान असावे, पांदणीने कोणी येत नाही हे पाहावे, ढोरे दूर बांधावीत आणि बघणाऱ्यांना गोठ्याच्या भिंतीआड उभे करावे. पाखरांवर किंवा जनावरांवर काहीही फेकू नये; वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि चाचणीला त्याची गरजही नाही. कुटार ठासून भरलेले पोते धुऱ्यावर उभे केले की निशाण तयार होते.

वेग मोजण्यासाठी फेकीच्या रेषेत एकमेकींपासून १० मीटर अंतरावर दोन तुऱ्हाट्या रोवाव्यात आणि मोबाइल बाजूला तिवईवर ठेवून सेकंदाला २४० चित्रांच्या संथ गतीत चित्रण करावे. गुंड्याने ते अंतर ८० चित्रांत कापले, तर वेळ एक तृतीयांश सेकंद आणि वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजेच ताशी १०८ किलोमीटर. आधी मोकळ्या हाताने फेकावे, मग दंड दुपट्ट्याने छातीशी असा बांधावा की तो खांद्याच्या वर जाऊ नये, अंगठा चिकटपट्टीखाली ठेवावा आणि पुन्हा फेकावे. या दोन आकड्यांचे गुणोत्तर हेच या सगळ्या खटाटोपाचे फळ आहे.

समजा मोकळा वेग ३० आणि बांधलेला २१ मीटर आला. वेग तीस टक्क्यांनीच घटला, पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलत असल्याने ती निम्म्यावर येते. माणसाच्या ६० ग्रॅमच्या गुंड्यात २७ जूल असतात. रानुल्याच्या १० ग्रॅमच्या खड्यात जेमतेम २.२ जूल उरतात. तो तित्तिर पाडू शकेल, रानडुकराला नुसते बिथरवील. एका माणसाच्या एका गुंड्याएवढी ऊर्जा जमवायला बारा रानुले लागतात, आणि ती बारा ठिकाणी विखुरलेली असल्याने तेवढा घाव बसतच नाही. अशी प्रजाती मोठे जनावर मारणार नाही, ती त्याला हाकेल. तिचे शिकारी टोळीने उभे राहतील आणि खड्ड्याची किंवा कड्याची जागा त्यांना आधी ठाऊक असेल. लेखकाने येथे आपला आवडता प्रसंग वाचवण्यासाठी आकड्यांना मुरड घालू नये, असे मला मनापासून वाटते.

शेवटची चाचणी पावसाळ्यात, उघडीप पाहून घ्यावी. गोफण रात्रभर भिजवून सकाळी त्याच निशाणावर फेकावी आणि वजन, वेग व भरकटणे यांची कोरड्या नोंदींशी तुलना करावी. भिजलेली वेणी जड होते, खुंटी बोटांच्या बेचक्यातून वेगळ्याच क्षणी सुटते, उन्हात वाळवलेले मातीचे गुंडे तर पाण्यात विरघळूनच जातात, आणि नाल्याला पूर असताना तळातले खडे वेचता येत नाहीत. तेव्हा मृगापासून पुढे पाऊस असेपर्यंत रानुल्यांच्या हातात मुख्यतः दांडकाच असेल, आणि त्या महिन्यांतले कथेचे प्रसंग त्याच हिशेबाने लिहावे लागतील.