मिल्स ब्रदर्स ऐकताना खर्जाचा माग कसा ठेवावा

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील पिक्वा गावचे जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड हे चार मिल्स बंधू कालक्रमाने ऐकावेत आणि पहिल्या खेपेस केवळ खालच्या आवाजाकडे लक्ष ठेवावे, कारण या कृष्णवर्णीय गायक चौकडीच्या कारकिर्दीतील मोठी वळणे त्याच आवाजात घडली आहेत. गाणे निवडताना ध्वनिमुद्रणाचे साल अवश्य तपासावे. गाजलेली गाणी त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा मुद्रित केली असून, त्या आवृत्त्यांवरून मूळ चौकडीची कल्पना येत नाही.

प्रारंभ १९३१ च्या ‘टायगर रॅग’ने, शक्यतो हेडफोन लावून करावा. एका गिटारीखेरीज कोणतेही वाद्य वापरलेले नाही, असा खुलासा त्या काळच्या त्यांच्या तबकड्यांवर छापावा लागे, इतकी त्यांनी तोंडाने केलेली वाद्यांची नक्कल हुबेहूब होती. जॉन गिटार वाजवत आणि खर्जात ट्यूबा या खोल आवाजाच्या पितळी वाद्याचा आवाज काढत, तर हॅरी तोंडावर ओंजळ धरून ट्रम्पेट ‘वाजवीत’. आधी फक्त गिटार ऐकावी, मग तिच्याखालचा ट्यूबा. तो कानात पक्का बसल्याशिवाय ट्रम्पेटकडे वळू नये, कारण तो चटकन लक्ष वेधून घेतो आणि मग खालचे काहीच ऐकू येत नाही.

१९३६ च्या जानेवारीत जॉन यांचे निधन झाले. गट मोडण्याच्या बेतात असताना पिक्वात केशकर्तनालय चालवलेले त्यांचे वडील, थोरले जॉन, मुलाच्या जागी खर्जाला उभे राहिले आणि गिटार पुढे नॉर्मन ब्राउन यांच्याकडे गेली. १९३५ चे एक आणि १९३७ चे एक गाणे लागोपाठ लावून खालचा आवाज ताडून पाहावा. माझ्या मते संपूर्ण कारकिर्दीत याहून हृद्य असे ऐकण्याजोगे काही नाही.

त्यानंतर ‘पेपर डॉल’ ऐकावे. १९४२ मध्ये मुद्रित झालेले हे गाणे पुढच्या वर्षी अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले आणि बारा आठवडे तेथे राहिले. संथ सुरुवातीनंतर लय जेथे उचलली जाते, तेथे वडिलांचा आधार नीट लक्षात येतो. वाद्यवृंदासह गायलेले १९५२ चे ‘ग्लो वर्म’ एकदा ऐकले तरी पुरे.

१९५७ मध्ये वडील निवृत्त झाले आणि तिघे भाऊ उरले. या काळासाठी जॅझ वादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदासोबतची ध्वनिमुद्रणे निवडावीत आणि घरातल्या खर्जाची जागा तेथे बेसी यांच्या वाद्यवृंदातील डबल बास हे खोल आवाजाचे तंतुवाद्य कशी भरून काढते, ते ऐकावे.